पेनकिलरची अ‍ॅलर्जी असली की दुखणं सोसायचंच का?

समजा, डायक्लोफिनॅक या पेनकिलरने एखाद्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. मग आता दात काढल्यावरही दुखणं सोसायचं का, असा प्रश्न पडतो. सोसावं लागत नाही बहुधा, पण अंदाजाने गोळी बदलणं धोक्याचं. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही सगळी पेनकिलर शरीरातलं कॉक्स-१ हे एन्झाइम अडवतात, त्यामुळे एकाने त्रास झालेल्या अनेकांना दुसऱ्यानेही होतो. पॅरासिटामॉल एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंत बहुतेकांना चालतं. घोटाळा होतो तो मिश्र गोळ्यांत. कॉम्बिफ्लाममध्ये ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉलसोबत ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन असतं! पाकिटावरचे घटक वाचाच.

खरा जाच भीतीचा: माणूस तापातही गोळी घेत नाही, ऑपरेशन पुढे ढकलत राहतो. म्हणून "पित्त उठलं" म्हणून सोडून देऊ नका. औषध, मात्रा, किती वेळाने काय झालं हे लिहून ठेवा, पुरळाचा फोटो काढा. त्यावरून अ‍ॅलर्जीतज्ज्ञ इटोरिकॉक्झिबसारखं, कॉक्स-१ फारसं न अडवणारं पेनकिलर रुग्णालयात, देखरेखीखाली, थोड्या मात्रेपासून वाढवत देऊन पाहतात. ते सोसलं तर हाताशी एक खात्रीची गोळी राहते. घरी हा प्रयोग अजिबात नको. आणि पूर्वी फोड येऊन कातडी सोलली असेल, तर संशयित औषध रुग्णालयातही पुन्हा देऊन पाहत नाहीत.