शस्त्रक्रियेआधीच्या नको त्या तपासण्या कशा कमी करायच्या? (तातडीने मदत हवी)

टिकमार्क:
रुग्णालयाच्या गुणवत्ता विभागात आहे. शस्त्रक्रियेआधीच्या अनावश्यक तपासण्या कमी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पोस्टर लावली, परिपत्रक काढलं, दोन व्याख्यानं झाली. डॉक्टर मंडळी माना डोलावतात, आकडा जागचा हलत नाही. सोमवारी बैठक आहे. कुणी हे करून दाखवलंय का? 'जनजागृती करा' कृपया सांगू नका.

चष्मिष्ट:
कोणत्या शस्त्रक्रिया? कोणत्या तपासण्या? बायपास आहे की नखुरडं, कसं कळणार?

टिकमार्क:
मोतीबिंदू हो. रक्त, ईसीजी, छातीचा एक्स-रे. सरसकट सगळ्यांना.

चष्मिष्ट:
मग पुरावा तयारच आहे. अमेरिका-कॅनडात सुमारे १९,००० मोतीबिंदू शस्त्रक्रियांवर चाचणी झाली, २००० साली प्रसिद्ध झाली. एका गटाला नेहमीच्या तपासण्या, दुसऱ्याला नाहीत. गुंतागुंत दोन्हीकडे हजारी ३१. तेवढं छापून वाटा.

टिकमार्क:
व्याख्यानात हेच सांगितलं. म्हणूनच तर विचारतोय!!

भूलभुलैया:
मी भूलतज्ज्ञ. टेबलावर रुग्णाला काही झालं तर 'ईसीजी का नव्हता' हे मला विचारणार, गुणवत्ता विभागाला नाही. कागदावर बोलणं सोपं असतं.

चष्मिष्ट:
त्या चाचणीतही डोळे मिटून काम नव्हतं. नवी किंवा वाढलेली तक्रार असेल तर तपासणी करायचीच होती. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले त्यात घेतलेच नव्हते.

सरळमार्गी:
तपासणीमागे पैसे मिळत असतील तर काहीही करा, कमी होणार नाही. डॉक्टरांना ठरावीक पगार द्या.

टिकमार्क:
पगारच आहे. तपासणीमागे कुणाला काही मिळत नाही.

आजीचा_बटवा:
तपासण्यांना इतकी नावं का ठेवता? माझ्या काकांचा थायरॉइडचा कर्करोग सहज केलेल्या सोनोग्राफीत सापडला, वाचले. मी तर म्हणते वर्षातून एकदा सगळं तपासावं.

चष्मिष्ट:
दक्षिण कोरियात तेच झालं. सहज म्हणून गळ्याची सोनोग्राफी होऊ लागली आणि २०११पर्यंत थायरॉइड कर्करोगाची नोंद १९९३च्या १५ पट झाली. मृत्यूंचा आकडा होता तिथेच. ज्यांच्या ग्रंथी काढल्या, त्यांतले बहुतेक आयुष्यभर गोळ्यांवर.

आजीचा_बटवा:
म्हणजे काकांना उगाच कापलं म्हणता?

चष्मिष्ट:
एका माणसाबद्दल ते सांगता येत नाही. तीच तर पंचाईत आहे.

टिकमार्क:
थायरॉइडचा वेगळा धागा काढा ना.

रात्रपाळी:
परिचारिका आहे, एक साधा प्रश्न. या तपासण्या लिहितं कोण?

टिकमार्क:
लिहायच्या कशाला, छापील फॉर्मवर खुणा असतातच. तारीख देताना खिडकीवरची सिस्टर फॉर्म फाडून देते.

रात्रपाळी:
आधीच खुणा?? म्हणजे डॉक्टरांनी रुग्णाला पाहायच्या आत तपासण्या ठरल्या! मग डॉक्टरांना व्याख्यानं कशाला देत बसलात? हे पहिल्याच पोस्टमध्ये का नाही लिहिलं?

टिकमार्क:
मला वाटलं सगळीकडे असंच असतं.

चष्मिष्ट:
चौकटी कोऱ्या करा, आणि प्रत्येकीपुढे 'कारण' अशी ओळ. सर्दीला अँटिबायोटिक लिहिताना कारण नोंदवायला लावलं की नको तिथे लिहिणं कमी झालं, असं २०१६च्या अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं. नुसता पर्याय सुचवून तसा फरक पडला नव्हता.

भूलभुलैया:
कोऱ्या चौकटी चालतील. पण वर चार प्रश्न हवेत: छातीत दुखतं का, धाप लागते का, हल्ली दवाखान्यात भरती होता का, रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत का. एक 'हो' आलं तरी रुग्ण आधी माझ्याकडे. त्यावर मी सही करीन.

सरळमार्गी:
तरी मूळ प्रश्न पैशाचाच.

नवाकोरा:
घरी रक्तदाब मोजायला कोणतं यंत्र चांगलं?

टिकमार्क:
@भूलभुलैया, प्रश्न उचलतोय, सोमवारी मांडतो. फॉर्म बदलायचा अधिकार कुणाचा ते शोधत होतो. छपाईवाले म्हणाले नोंदणी विभागाचा, नोंदणीवाल्यांनी जुनी फाईल काढून दाखवली. खाली सही गुणवत्ता विभागाची. म्हणजे आमचीच.