सल्ला हवा: बडोद्याहून जानेवारीत प्राण्यांचे फोटो काढायला कुठे जावं?

मंजिरी_कारेलीबाग

नमस्कार मंडळी. उत्तरायण आटोपली की घरातल्या सगळ्यांची चार दिवसांची सुट्टी जुळतेय. मी, नवरा, बारा वर्षांचा मुलगा आणि सासरे. सासरे सत्तरीच्या पुढचे, गुडघे दुखतात, पण जायचा उत्साह सगळ्यांत जास्त त्यांनाच. मला प्राण्यांचे फोटो काढायची फार ओढ आहे. कमाटीबागेतल्या प्राणिसंग्रहालयात खूप काढले, आता जाळीमागचा प्राणी नको वाटतो. तो जिथे राहतो ते गवत, ते पाणी, ते आभाळ फोटोत यायला हवं.

कॅमेरा निकॉनचा, क्रॉप सेन्सरवाला. लेन्स ७०-३००. सासऱ्यांना गीर बघायचंय. नवरा म्हणतो कच्छचं छोटं रण. मला कुणीतरी भावनगरकडचं वेळावदर सुचवलंय. यातलं काय निवडू? आणि मोठी लेन्स भाड्याने घेऊ का? जमल्यास सविस्तर सांगा, सगळी आखणी माझ्याच गळ्यात आहे.

रावपुरा_जुना

सिंह बघायचा असेल तर गीरच. आशियाई सिंह रानात मोकळा आणखी कुठेच उरलेला नाही. २०२५ च्या गणनेत सौराष्ट्रात मिळून ८९१ भरले. मात्र परमिट आजच बघा. ते वनखात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा, तशाच नावाच्या बनावट साइट्स पैसे उकळतात. प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं आणि ज्याच्या नावाचं परमिट त्यालाच आत सोडतात. जानेवारीतले शनिवार-रविवार फार लवकर भरतात.

माळरान

मंजिरीताई, तुम्ही गवत आणि आभाळ म्हणालात, म्हणून मोकळेपणाने सांगते. पहिली सहल वेळावदरला करा. गीर पुढच्या वर्षी.

गीरमध्ये जिप्सी ठरलेल्या वाटेवरूनच जाते आणि थांबायचं कुठे हे तुमच्या हातात फारसं नसतं. सकाळच्या फेरीत सागाखाली उजेड कमी असतो. तुमची लेन्स ३०० ला बहुतेक ५.६ किंवा ६.३ च्या पुढे उघडत नसणार, म्हणजे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) भरमसाट वाढवावा लागेल आणि फोटोत दाणे येतील. सिंह दिसला तरी बहुधा झोपलेला, आणि समोर गाड्यांची रांग. दर्शन घडेल, त्याचा आनंदही मोठा आहे. फक्त तुम्हाला हवा तसा फोटो तिथे नशिबाच्या भरवशावर आहे.

वेळावदर म्हणजे ३४ चौरस किलोमीटर उघडं गवताळ रान. भावनगर संस्थानच्या काळी इथे पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार व्हायची. १९७६ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. झाडं तुरळक, त्यामुळे सूर्य वर आला की उजेड थेट प्राण्याच्या डोळ्यात. जानेवारीत गवत सोनेरी असतं आणि काळवीट गाडीला सरावलेले असतात. तुमचा सेन्सर क्रॉप आहे, म्हणजे ३०० ला दृश्य ४५० इतकं जवळ येतं. इथे तेवढं पुरतं.

काय बघाल ते सांगते. मोठा नर आपल्या हद्दीत मान ताठ करून चालतो, तेव्हा मळसूत्री शिंगं मागे पाठीवर येतात. डोळ्याखाली काळी खाच असते, ती ग्रंथी. गवताच्या ताठ काडीपाशी तो थबकतो, काडीचं टोक त्या खाचेत हलकेच घालतो आणि वास ठेवून पुढे जातो. एवढं अलगद की डोळ्याला इजा होईल अशी आपल्यालाच धास्ती वाटते. हे टिपायचं तर एकाच नराजवळ गाडी बंद करून थांबा. कळपामागून कळप हिंडत राहिलात तर दोनशे फोटो येतील आणि सगळे सारखेच.

आणि संध्याकाळ. हिवाळ्यात मध्य आशियाकडून भोवत्या येतात, म्हणजे हॅरियर. दिवसभर आजूबाजूच्या शेतांवर टोळ-नाकतोडे टिपतात आणि दिवस मावळताना शेकड्यांनी वेळावदरच्या गवतात, जमिनीवर, मुक्कामाला उतरतात. भोवत्यांचे असे मोठे रातनिवारे जगात मोजकेच आहेत. उतरणाऱ्या पक्ष्यांवर फ्लॅश मारू नका आणि गाईडला गाडी आणखी आत घ्यायला सांगू नका. एकदा उठले की अंधारात त्यांना पुन्हा जागा शोधावी लागते. कडेला थांबून आभाळासकट फोटो घ्या. तुमची ७०-३०० तिथे ७० वर लावा, ३०० वर नको.

लांडगा, तरस दिसले तर भाग्य, पण ते धरून चालू नका. आपल्याकडून तारापूर, वटामण, धोलेरा असा रस्ता, चार तास धरा. वनखात्याचं मुक्कामाचं कालियार भवन आतच आहे, त्याची चौकशी आधी करा.

मकरपुरा_मिलिंद

माळरानताईंशी सहमत, पण नवऱ्याच्या रणावर अशी फुली मारू नका. दोन्ही होतं. वेळावदरला दोन रात्री, मग लिंबडी-सुरेंद्रनगरमार्गे रणाच्या काठचं दसाडा नाहीतर झैनाबाद. तिथून परतताना विरमगाम, अहमदाबाद.

रानगाढवं, तिथले लोक घुडखर म्हणतात, भारतात प्रामुख्याने इथेच आहेत. १९६० च्या आसपास रोगराईने काही शेकड्यांवर आली होती. २०२४ च्या मोजणीत ७,६७२. दिसतील का अशी शंका घेण्याचं कारणच नाही. प्रश्न फक्त फोटो कसा घ्यायचा एवढाच.

सकाळी लवकर निघा आणि दहा वाजेपर्यंत काम उरका. जमीन तापली की हवा लहरायला लागते. लांबचं गाढव पाण्यातून पाहिल्यासारखं थरथरतं, मग लाखाची लेन्सही काही करू शकत नाही, फोटो मऊच येतो. त्यावर उपाय दोनच, थंड वेळ आणि कमी अंतर. पण कमी अंतर म्हणजे पाठलाग नव्हे. ड्रायव्हर हौसेने विचारतील, ‘दोडावुं?’ धुरळा उडवत पळणारा कळप फोटोत छान दिसतो म्हणून बरेच जण हो म्हणतात. तुम्ही स्पष्ट नाही म्हणा. जानेवारीत खायला कमी, त्यात गाभण माद्या. त्यांना आपल्या फोटोसाठी पळवायचं नाही. चालत येणाऱ्या कळपाच्या वाटेत खूप आधी गाडी लावून इंजिन बंद करा. बहुतेक वेळा ती स्वतःहून जवळून जातात. तेव्हा पाठीवरची गडद पट्टी आणि तिच्या दोन्ही कडांचा पांढरा रंग अगदी स्पष्ट दिसतो, आखूड ताठ आयाळ वाऱ्यात हलतानाही दिसते.

रणात पांढऱ्या जमिनीमुळे कॅमेरा फसतो आणि फोटो करडा काढतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, अर्धा-पाऊण स्टॉप वाढवा. वेळावदरला उलट, काळविटाचं पोट पांढरं असतं, ते जळू नये म्हणून थोडं कमी करा.

रणात मीठ पिकवणारे अगरिया भेटतील. त्यांच्या झोपडीचा, माणसांचा फोटो विचारल्याशिवाय घेऊ नका. चहा दिला तर बसून प्या, रणाबद्दल त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.

वाडी_सुनंदा

सासऱ्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. रणातली उघडी जीप गचके फार देते. गुडघ्यांचा त्रास असेल तर पुढची सीट मागून घ्या आणि फेरी एकच ठेवा. वेळावदरचे रस्ते त्या मानाने सपाट आहेत, तिथे त्यांना त्रास होणार नाही. पहाटे उघड्या गाडीत बोचरी थंडी असते, कानटोपी आणि शाल हाताशी ठेवा.

आणि मंजिरी, जायच्या आधीच्या रविवारी सगळ्यांना घेऊन वढवाण्याला जाऊन ये ग. डभोईवरून तासाभराचा रस्ता. सयाजीराव महाराजांच्या काळात ओरसंग नदीचं पाणी वळवून बांधलेला तलाव, २०२१ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. थंडीत पट्टकादंब, चक्रवाक, चमचे, वारकरी, पाण्यावर नुसती गर्दी. बांधावर खुर्ची टाकून सासऱ्यांना दुर्बीण दिलीस तर ते दुपारपर्यंत उठणार नाहीत. तुझाही हात बसेल. पट्टकादंब आधी गळे काढतात, मान वर करतात, मग उडतात. ती खूण ओळखायला शिकलीस की वेळावदरला उपयोगी पडेल, उडायच्या-पळायच्या आधी प्रत्येक प्राणी काहीतरी सांगतोच.

शटर_आजवा

लेन्सचं मी सांगतो. १५०-६०० भाड्याने मिळते, पण वजन दोन किलोच्या आसपास. पहिल्याच सहलीला नवी जड लेन्स घेतली की सगळा वेळ तिच्याशी झटण्यात जातो. घ्यायचीच असेल तर वढवाण्याच्या रविवारसाठी घ्या, झेपली तर पुढे न्या. माझं मत, नेऊ नका. त्या पैशात वेळावदरला एक फेरी जास्त करा.

त्याऐवजी घरी एक पिशवी शिवा. जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्ही टोकं शिवायची, आत तांदूळ किंवा राजमा पाऊण भरायचा. गाडीच्या खिडकीवर ठेवून त्यावर लेन्स टेकवली की ट्रायपॉडची गरज नाही, तो गाडीत उभा राहत नाहीच.

सेटिंग सोपं ठेवा. शटर चरणाऱ्या प्राण्याला १/५००, पळणाऱ्याला १/१६००, भोवत्याला १/२०००. आयएसओ ऑटोवर, वरची मर्यादा ६४००. फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर, बिंदू डोळ्यावर. दाणे आलेला धारदार फोटो चालतो, हललेल्या फोटोला इलाज नाही. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा आणि रणात लेन्स बदलू नका, धूळ सेन्सरवर बसली की प्रत्येक आभाळात ठिपके येतात.

मुलाला फोनच द्या, पण काम नेमून द्या. पावलांचे ठसे, लेंड्या, गवताची बी, वारुळं. आपण फक्त शिंगं बघत असतो, तेव्हा पोरं रान जास्त बघतात.

रावपुरा_जुना

माझा सल्ला मागे घेत नाही, पण वेळावदरचं वाचून मलाही जावंसं वाटतंय. एक भर घालतो. शहरात विश्वामित्रीच्या मगरी आहेतच. थंडीत ऊन खायला काठावर येतात, काळ्या घोड्याच्या पुलावरून दिसतात. सराव पुलावरूनच करा, काठावर एकही पाऊल टाकू नका, मुलाचा हात सोडू नका. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या सोसायट्यांपर्यंत आल्या होत्या ते आठवत असेलच. गवतात पडलेली मगर दोन हातांवर असली तरी दिसत नाही.

मंजिरी_कारेलीबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. सासऱ्यांना वाचून दाखवलं. पाळीव चित्त्यांच्या शिकारीचं ऐकून तेच म्हणाले, गीर उन्हाळ्यात बघू. आता वेळावदर दोन रात्री आणि दसाडा एक रात्र. लेन्स आहे तीच. पिशवी आज रात्री शिवतेय.

माळरानताई, एकच शंका. तणमोर पक्षी वेळावदरला दिसतो असं वाचलं. जानेवारीत दिसेल का? आणि काढलेले फोटो जागेच्या नावासकट टाकले तर चालतात का?

माळरान

तणमोर जानेवारीत दिसायची आशा धरू नका. तो पावसाळ्यात विणीला गवतात येतो, तेव्हा नर उंच उड्या मारतो. उद्यान १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं आणि ते त्याच्यासाठी बरंच आहे. त्या दिवसांत बाहेरच्या शेतात शोधून दाखवतो म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. हा पक्षी फार थोडा उरलाय.

जागेबद्दल म्हणाल तर काळवीट, रानगाढवं यांच्या फोटोखाली वेळावदर, रण एवढं लिहायला हरकत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण लांडग्याची किंवा तरसाची गुहा, घुबडाची ढोली, कसलंही घरटं दिसलं तर नेमकी जागा कुठेही लिहू नका. फोनमध्ये लोकेशन सुरू असेल तर बंद करा, मुलाच्या फोनमध्येही. घरट्यावरचा पक्षी आपल्यामुळे उठला तर फोटो न घेता मागे फिरा. ड्रोन तर अभयारण्यात नेऊच नका, परवानगी नाही.

कालियार भवनचं कळलं की इथे लिहा. नाही मिळालं तर भावनगरला मुक्काम करून पहाटे निघता येईल, पण मग गेट उघडायच्या वेळी पोचायला साडेपाचला बाहेर पडावं लागेल. सासऱ्यांना तसं आधी सांगून ठेवा.