मदत हवी आहे: कुत्र्याने पाण्याचा धसका घेतलाय

पाणकोंबडी:
आमचा ठिपक्या 10 महिन्यांचा. आई कारवानी (सडपातळ शिकारी जात), बाप गावातलाच कुणीतरी. वजन 17 किलो, नुसते पाय आणि छाती, कंबर म्हणाल तर मुठीत मावेल.

सासरचं शेत भाटघर धरणाच्या पलीकडच्या काठाला आहे, होडीने जावं लागतं. उद्या हा होडीतून पडला तर घाबरून बुडू नये, एवढंच हवंय. पण दिवाळीत मामेसासऱ्यांनी "कुत्र्याला कुणी पोहायला शिकवतं होय?" म्हणत त्याला उचलला आणि सरळ खोल पाण्यात टाकला. ते स्वतः पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलले गेले आणि शिकले, त्यामुळे त्यांना यात काही वावगं वाटलं नाही. ठिपक्या पाण्यात उभाच्या उभा. पुढचे पाय पाण्यावर थापटतोय, मागचा भाग खाली, नाकातोंडात पाणी. मी आत गेले तर माझ्याच खांद्यावर चढला, हातावर अजून ओरखडे आहेत. आता आंघोळीची बादली दिसली तरी पलंगाखाली.

ही भीती जाईल का? सुरुवात कुठून करू? आणि लाइफ जॅकेट घ्यावं का?

बोका_शेठ:
त्याला नाही आवडत तर राहू द्या की. माझी लॅब डबक्यात लोळते, शेजारचा पॉमेरेनियन पाऊस आला तरी घरात पळतो. प्रत्येकाने पोहलंच पाहिजे असं थोडंच आहे?

पाणकोंबडी:
पटतंय, पण होडीचं काय करू?

तिसरा_पाय:
होडीसाठी जॅकेट, आजपासून, पोहता येवो न येवो. पाठीवर पकडायला मूठ असलेलं घ्या, पडला तर तिथूनच वर ओढता येतो. कारवानीच्या अंगावर चरबी नसतेच, त्यामुळे लॅबसारखा तो सहज तरंगत नाही आणि गारठतोही लवकर. याच्या बाबतीत जॅकेट म्हणजे लाड नव्हेत.

आधी ते 4-5 दिवस घरात कोरडंच घाला, जेवणाच्या वेळी. मग टबात 3 बोटं पाणी, त्यात पनीरचे तुकडे. पाय त्याने स्वतःहून घालायचे, तुम्ही उचलून ठेवायचा नाही. एरवी पनीरवर तुटून पडणारा कुत्रा पनीर नको म्हणाला, ओठ चाटायला लागला, जांभया द्यायला लागला, की तो घाबरलाय. तिथून एक पायरी मागे यायचं. बादली काही दिवस नजरेआड ठेवा, ओल्या फडक्याने पुसून घेतलं तरी चालतं.

धरणावर जागा नीट निवडा. पाणी उतरलं की काठाला गाळ उघडा पडतो, त्यात पाय रुतला तर झालंच. हळू उतरत जाणारा, मुरमाड काठ हवा, जिथून तो आपल्या पायांनी बाहेर येऊ शकेल. त्याला बाहेरची वाट माहीत असणं पोहण्यापेक्षा महत्त्वाचं. लांब दोरी जॅकेटच्या कडीला लावा, गळपट्ट्याला कधीच नाही. ती पायात अडकत नाही ना, हेही बघत राहा.

पोटाला पाणी लागेपर्यंत तो मजेत चालायला लागला की मगच पुढे. तुम्ही समोर उभ्या राहू नका, तुमच्यावरच चढेल. बाजूला राहून पोटाखाली, जरा मागच्या बाजूला हात द्या. मागचा भाग वर आला की अंग आडवं होतं आणि थापटणं आपोआप थांबतं. तोंड कायम काठाकडे. पहिल्या दिवशी 4-5 हात मारले की बास.

गुरांचा_डॉक्टर:
थोडी भर. लेप्टोची (दूषित पाण्यातून होणारा आजार) लस दरवर्षीची झालीय का बघा. पाण्यावर हिरवा तवंग असेल तर उतरवूच नका, काही शेवाळं विषारी असतात. पाण्यात चेंडू फेकायचा खेळ सध्या नको, तोंड उघडं ठेवून पोहताना पोटात फार पाणी जातं. बाहेर आला की कान आतून कोरडे करा.

बोका_शेठ:
आणि मामांना काठावर बसवा.

पाणकोंबडी:
3 आठवडे झाले, म्हणून लिहितेय. टब 8 दिवसांत जमला. धरणावर पहिले दोन रविवार तो फक्त काठाने हुंगत फिरला, मीही काही म्हटलं नाही. काल गुडघाभर पाण्यात स्वतः गेला, एका बगळ्यामागे. पोहला नाही. मामा आता खिशात पनीर घेऊन येतात, आणि ठिपक्या त्यांच्याजवळ जातो, पण ते काठाला पाठ करून बसले असतील तरच.

एकच अडचण. छातीच्या मापाने जॅकेट घेतलं तर कंबरेला ढिलं पडतं आणि चालताना मागे सरकतं. लहान माप घेतलं तर काखेत काचतं. कारवानी, पश्मी (तशीच, पण केसाळ) पाळणाऱ्यांनी यावर काय केलंय? पोटाचा पट्टा शिंप्याकडून आत घेतला तर चालेल का?