झाडांच्या टाकीतले छोटे रंगीत मासे : तुमचे अनुभव लिहा

पाणवेल
माशांची टाकी म्हटलं की अजूनही बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर निळे खडे, प्लास्टिकची झाडं आणि बुडबुडे सोडणारा पाणबुड्या येतो. खरी झाडं लावलेल्या टाकीत दोन-तीन सेंटीमीटरचे मासे सोडून बघा, वागणंच बदलतं त्यांचं. झाडं नसलेल्या उघड्या टाकीत टेट्रा, रासबोरा वगैरे फिके पडून कोपऱ्यात गोळा होतात आणि झाडी दाट झाली की तेच मासे मधोमध येतात, रंग असा चढतो की हे वेगळेच मासे आहेत असं वाटावं. लपायला जागा दिली की मासे जास्त दिसतात, हे मला फार आवडतं. तर तुमच्याकडे कुठले मासे, कुठली झाडं, काय काय बघितलंत, सगळं लिहा. दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.

माझ्यापासून सुरू करते. निऑन टेट्रांचा घोळका आहे. रात्री अचानक लाईट लावला तर निळा पट्टा जवळजवळ नाही, लालसुद्धा उतरलेला, नवख्या माणसाला वाटेल मासे आजारी पडले. पण तसं काही नसतं. तो निळा म्हणजे रंगद्रव्य नाहीच, कातडीतल्या पेशींमध्ये ग्वानिनचे बारीक स्फटिक थराथरांनी रचलेले असतात, त्यांच्यावरून उजेड परततो तो आपल्याला निळा दिसतो. अंधारात त्या थरांमधलं अंतर बदलतं. सकाळी लाईट लागल्यावर काचेशी बसून बघा, आधी जांभळट, मग निळा, मग हिरवट निळा असा पट्टा डोळ्यांदेखत भरत जातो. आणि निऑन की त्याच्यासारखाच दिसणारा कार्डिनल टेट्रा असा गोंधळ होत असेल तर लाल बघा, निऑनचा अर्ध्या अंगापासून शेपटीकडे, कार्डिनलचा जवळजवळ डोळ्यापासून पूर्ण.

सावलीतलं_रोप
मी झाडांचं लिहितो कारण माझा जीव त्यात जास्त आहे. क्रिप्टोकोरीन लावली की आठवड्याभरात पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळायला लागतात, ह्याला मेल्टिंग म्हणतात, आणि इथेच बरेच लोक रोप उपटून फेकून देतात. कृपया फेकू नका. नर्सरीत ती बऱ्याचदा पाण्याबाहेर वाढवलेली असतात, ती पानं पाण्यात टिकत नाहीत, पण मुळं जिवंत असतात आणि तिथूनच पाण्यात जगणारी नवी पानं येतात. सडकी पानं कापा, मुळांना हात लावू नका, बास.

आणि झाडं आधी, मासे नंतर. ह्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट, पहिले दोन माशांना विषारी. हे जिवाणू बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मग मासे आणा, तेसुद्धा थोडे थोडे. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली नाही, क्लोरीनने जिवाणू मरतात.

मॉसमित्र
स्कार्लेट बॅडिस कुणी पाळलाय का? ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला मासा, नर जेमतेम दोन सेंटीमीटरचा, लालभडक आणि अंगावर निळसर उभे पट्टे. माझ्याकडे जावा मॉसच्या एका गुंत्यावर एका नराची मालकी आहे, दुसरा नर जवळ आला की सगळे पर ताणून आडवा उभा राहतो. दाणे तोंडात घेत नाही, त्याला हलणारं खाणं लागतं, आर्टेमियाची पिल्लं, डॅफ्निया, मायक्रोवर्म. आधी डोळा फिरतो, मग मान कलल्यासारखं सगळं अंग कलतं आणि मग झडप. जिवंत खाणं रोज पुरवता येणार असेल तरच आणा, नाहीतर दाण्यांच्या टाकीत उपाशी राहतो बिचारा.

कोरीवाला
वा पाणवेल, छान विषय काढलात. मी पांडा कोरीडोरास बघत बसणारा माणूस आहे. हे तळाचे मासे, मिशांनी रेती चाळत फिरतात, म्हणून बारीक मऊ रेतीच हवी, धारदार खडीवर मिशा झिजतात. मध्येच एखादा सुसाट वर जातो, पृष्ठभागावर हवेचा घोट घेतो आणि परत खाली, ते नॉर्मल आहे, आतड्यातूनही श्वास घेतात ते. मात्र सगळेच सारखे वर जात असतील तर पाण्यात ऑक्सिजन कमी पडतोय का बघायचं.

खरी गंमत अंड्यांची. थोडं गार पाणी घालून पाणी बदललं की पावसाळा आल्यासारखं होतं त्यांना, नर मादीच्या मागे लागतात. मादी नराच्या पोटाशी तोंड लावते, दोघांचा इंग्रजी टी होतो, काही क्षण दोघं अगदी स्तब्ध. मग मादी खालचे दोन पर जोडून त्यांच्या ओंजळीत दोन-चार अंडी धरते, टाकीभर फिरते, एखादं पान तोंडाने जणू पुसून घेते आणि तिथे अंडी चिकटवते. आमच्याकडे अनुबियासची रुंद पानं सोडून काचच जास्त पसंत पडते तिला. अंडी तिथेच राहिली तर मोठे मासे खातात, म्हणून मी बोटाने अलगद सोडवून वेगळ्या डब्यात ठेवतो, एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) लावून. हे सगळं बघताना घरातल्या कुणी हाक मारली तरी मला ऐकू येत नाही.

चंदेरी
गप्पी. सोपे, सुंदर आणि संख्या आवरा. मादी शुक्राणू महिनोनमहिने साठवून ठेवते त्यामुळे एकटी मादी आणली तरी महिन्याच्या अंतराने पिल्लं होत राहतात. हॉर्नवर्टची झाडी दाट असेल तर पिल्लं वाचतात, नाहीतर आईच खाते. फक्त नर ठेवले तर रंग पण आणि शांतता पण.

हिरवा_कोपरा
शेवाळाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. लाईटला टायमर लावा, सहा ते आठ तास पुरे. दिवसभर दिवा ठेवला की झाडांपेक्षा शेवाळच खुश. पाण्यावर तरंगणारी झाडं फार उपयोगी, त्यांना कार्बन डायऑक्साइड थेट हवेतून मिळतो त्यामुळे भराभर वाढतात, पाण्यातला अमोनिया, नायट्रेट ओढून घेतात आणि सावलीमुळे मासे पण निवांत. फक्त पूर्ण पृष्ठभाग झाकू देऊ नका, खालच्या झाडांना उजेड लागतो. माझ्या गॅलेक्सी रासबोरांनी ह्या सावलीतच रंग दाखवला. हा मासा जगाला कळला 2006 मध्ये, म्यानमारमधल्या उंचावरच्या झाडीभरल्या उथळ तळ्यांतून, म्हणून त्याला फार कोमट पाणी नको, 22 ते 24 अंशात मजेत असतो. काळसर निळ्या अंगावर मोत्यासारखे ठिपके आणि परांवर केशरी पट्टे, दोन नर एकमेकांभोवती गोल फिरायला लागले की ते केशरी अजून पेटतं.

पाणवेल
सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय, फार बरं वाटतंय. सावलीतलं_रोप, एक विचारायचंय, माझ्या जावा फर्नच्या पानांखाली काळे-तपकिरी ठिपके आलेत, रोग आहे का?

सावलीतलं_रोप
पानाच्या खालच्या बाजूला ओळीने, उंचवट्यासारखे असतील तर ते बीजाणूंचे पुंजके, रोग नाही. जुन्या पानांवरच छोटी रोपं पण फुटतात, त्यांना मुळं सुटली की अलगद काढायची आणि दोऱ्याने लाकडाला नाहीतर दगडाला बांधायची. आडवं खोड रेतीत पुरायचं नाही, कुजतं.