सोलर कंपनीत नोकरी कशी असते? परवापर्यंत उत्तर द्यायचंय, मदत हवी आहे

सिन्नरकर (रात्री ९:१०)
नमस्कार मंडळी. एका सोलर कंपनीतून ऑफर आली आहे. परवा सकाळी हो की नाही कळवायचंय. पगार आत्तापेक्षा सहा हजारांनी जास्त. कुणी सोलरमध्ये काम केलंय का? कसं असतं? घरचे म्हणतात जा, मित्र म्हणतो उन्हात करपशील. जुने धागे चाळले, सगळीकडे 'माझ्या गच्चीवर किती पॅनल बसतील' हेच. प्लीज लवकर सांगा.

गच्चीवरचा (९:२२)
कसली सोलर कंपनी? पॅनल बनवणारी, बसवणारी की प्लांट चालवणारी? पोस्ट काय? शिक्षण, वय, गाव? लग्नाच्या स्थळातसुद्धा यापेक्षा जास्त माहिती देतात.

सिन्नरकर (९:२५)
डिप्लोमा इलेक्ट्रिकल, सध्या एमआयडीसीत मेंटेनन्सला. पोस्ट प्रोजेक्ट इंजिनिअर. सोलर म्हणजे सोलर हो, पॅनलवाली.

खान्देशी_ठेचा (९:४१)
डोळे झाकून जा. साक्रीच्या माळावर महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प आला तेव्हापासून आमच्याकडे सोलर नवलाईचं राहिलेलं नाही. मी तिथे नाही, एका खासगी प्लांटवर ओ अँड एमला (प्लांट चालवणं आणि देखभाल) चार वर्षं आहे. सकाळी इन्व्हर्टर (पॅनलच्या डीसी विजेची एसी करणारी यंत्रं) जागे व्हायच्या आत हजर, संध्याकाळी जनरेशन रिपोर्ट पाठवला की मोकळा. मधल्या वेळात जी स्ट्रिंग, म्हणजे एकाला एक जोडलेल्या पॅनलांची माळ, करंट देत नाही ती शोधत करंट मोजायचा क्लॅम्प मीटर घेऊन रांगांमधून चालायचं. परवाच एक सापडली. कनेक्टरची एक बाजू एका मेकची, दुसरी दुसऱ्याच मेकची, त्यात वायरची पिन दाबून बसवतात ते क्रिम्पिंग ढिलं. प्लास्टिक वितळून काकवीसारखं खाली ओघळलेलं. हात लावण्याआधी लाइन तोडणारा स्विच, आयसोलेटर, पाडायचा, हे घोकून ठेव. एसीचा करंट दर सायकलला दोनदा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझायला वाव मिळतो. पॅनलचा करंट डीसी, त्यात ती सोय नाही. करंट चालू असताना कनेक्टर खेचलास तर आर्क, म्हणजे ती ठिणगी, पेटलेलीच राहते. आणि गवतात काठी आपटत चालायचं, इन्व्हर्टरच्या सावलीत घोणस बसते.

गच्चीवरचा (९:५०)
त्याला प्रोजेक्टची ऑफर आहे, ओ अँड एमची नाही. ती तर पगारी रखवालदारी.

खान्देशी_ठेचा (९:५३)
रखवालदारी? ये एकदा मे महिन्यात. पॅनलची काच पासष्ट डिग्रीला असते. म्हणून धुलाई पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. तापल्या काचेवर गार पाणी मारलं की तडा. तुम्ही बसवून हात झटकता, पुढची पंचवीस वर्षं आम्ही निस्तरतो.

गच्चीवरचा (१०:०४)
बरं बाबा. सिन्नरकर, रूफटॉपचं ऐक. साडेपाचशे वॅटचा एक पॅनल साधारण २८ किलोचा, साडेसात फूट लांब. वाऱ्यात तो पॅनल नसतो, शीड असतं. दोघांनी धरायचं आणि तिसऱ्याने ओरडायचं. कारखान्याच्या सिमेंट पत्र्यावर चढशील तेव्हा बोल्टांच्या ओळीवरच पाय, खाली पत्र्याला आधार देणारा आडवा पर्लिन असतो. उजेडासाठी टाकलेले पत्रे धुळीने बाकीच्यांसारखेच दिसतात, त्यावर पाय पडला की थेट खालच्या मशीनवर. लाइफलाइन (पडलास तर अडवणारा दोर) बांधल्याशिवाय चढू नकोस, सुपरवायझर घाई करो नाहीतर काही करो. घाई करणारच, कारण कारखानदाराला घसाऱ्याच्या करसवलतीसाठी ३१ मार्चच्या आत प्लांट चालू हवा असतो. मार्चमध्ये घरी जेवायला येणार नाहीस असं आत्ताच सांगून ठेव.
घरगुती काम वेगळंच. २०२४ ला घरच्या सोलरची पीएम सूर्यघर योजना आली आणि पूर लोटला. ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी, मग सबसिडी कधी येणार म्हणून फोन तुलाच.

बंडूनाना (१०:१५)
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्याकडे ३ किलोवॅट बसवलंय तरी महिन्याला बिल येतंच. फसवलं का आम्हाला?

चाफेकळी (१०:२१)
नाना, युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. ३ किलोवॅट दिवसाला सरासरी बारा युनिट देतं, पावसाळ्यात कमी. बिलावर आयात-निर्यातीचे, म्हणजे लाइनवरून घेतलेल्या आणि लाइनला दिलेल्या युनिटचे, आकडे बघा.
सिन्नरकर, सोलरमध्ये सगळेच पत्र्यावर चढत नाहीत. मी डिझाइनला आहे. पीव्हीसिस्ट (किती वीज मिळेल याचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर) आणि ऑटोकॅड (ड्रॉइंगचं) शिकून घे. माझा निम्मा दिवस शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली डिसेंबरात कुठवर येते हे बघण्यात जातो. उरलेला निम्मा सेल्सवाल्याने ग्राहकाला कबूल केलेले आकडे खाली आणण्यात.

निवृत्त_आजोबा (१०:३०)
माझा अनुभव चांगला आहे. फक्त बोअरचं पाणी असेल तर ट्यूबमध्ये क्षार साचतात आणि पाणी गरम होत नाही. वर्षातून एकदा साफ करून घ्यावे.

गच्चीवरचा (१०:३२)
आजोबा, तो वॉटर हीटर. इथे नोकरीचं चाललंय.

निवृत्त_आजोबा (१०:३८)
नोकरी असेल तर सरकारीच बघावी.

सिन्नरकर (१०:४४)
डिझाइन, रखवाली, पत्रे... माझं नक्की कुठलं? आत्ता लेटर नीट वाचलं. 'प्रोजेक्ट इंजिनिअर, कृषी पंप' असं आहे. स्वतःची मोटरसायकल हवी. आणि जॉइन होताना मूळ मार्कशीट जमा करायची.

बांधावरचा (१०:५२)
हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतंस! वरचं सगळं विसर. मी तीन वर्षं पंपात आहे. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाचपर्यंत ५, त्याच्या वर साडेसात. हे ऐकायला सोपं. रानात गेलास की अर्जात विहीर आणि प्रत्यक्षात बोअर, पाणी सांगितलं साठ फुटांवर आणि लागतं दोनशेवर. पाण्यात सोडायचा सबमर्सिबल पंप पाठवायचा की वर बसणारा सरफेस, हे ठरेपर्यंत माल चुकीच्या गावात उतरलेला असतो. जूनच्या आत फाउंडेशन नाही झालं तर काळ्या रानात गाडी जात नाही, पॅनल डोक्यावरून न्यावे लागतात. मग शेतकरी, पंप आणि पडणारं पाणी एका फोटोत. पाणी नेमकं फोटोच्या वेळी ढगामुळे बारीक.
एवढं असून मी का टिकलो? बटण दाबल्यावर दिवसा ढवळ्या पाणी आलं की म्हातारा पाइपाखाली हात धरून उभा राहतो. रात्री दोनला मोटर चालू करायला जाणं बंद झालेलं असतं त्याचं. चहा न घेता कुणी सोडत नाही.
मूळ मार्कशीट मात्र अजिबात देऊ नकोस.

चाफेकळी (१०:५८)
मार्कशीटबद्दल सहमत. पेट्रोल किलोमीटरने देतात की महिन्याला ठोक, हेही विचार. पीएफ आहे का? सहा हजारांतले चार टाकीत जायचे.

खान्देशी_ठेचा (११:०३)
मी म्हणतो एमआयडीसी सोडूच नकोस. सावलीतली नोकरी आहे.

गच्चीवरचा (११:०४)
मगाशी डोळे झाकून जा म्हणत होतास.

सिन्नरकर (११:१०)
एक सांगायचं राहिलं. राजीनामा कालच दिलाय.

गच्चीवरचा (११:११)
अरे!!! मग विचारतोस काय?

बंडूनाना (११:१९)
आयातीचा आकडा बिलात कुठे असतो?

सिन्नरकर (दुसऱ्या दिवशी, दुपारी १२:४०)
एचआरला फोन केला. मार्कशीटची झेरॉक्स आणि ओरिजिनल फक्त दाखवायला, असं कबूल झालं. मेलवर लिहून द्या म्हटलं, दिलं. पेट्रोल किलोमीटरने. पीएफ सहा महिन्यांनी म्हणत होते, भांडलो, पहिल्या महिन्यापासून कापणार. सोमवारी जॉइन होतोय. बूट कोणते घेऊ?

बांधावरचा (१२:५५)
गमबूट. आणि एक जादाचं सिम. पंपाच्या दुरुस्तीची हमी पाच वर्षांची आहे आणि शेतकरी पहाटे साडेपाचला उठतो.