मदत हवी आहे: वडिलांचं जुनं कॉम्बॅट जॅकेट मुलाने घातलं तर चालतं का?
नमस्कार मंडळी. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. ट्रंकेतलं त्यांचं जुनं कॉम्बॅट जॅकेट, बिल्ले उसवून, माझा मुलगा पहाटे डेअरीला दूध घालायला जाताना घालतो. परवा एका माजी सैनिक काकांनी अडवलं, "काढ ते, आत टाकतील!"

भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ वाचलं: सैनिक असल्याचं भासवण्यासाठी तसा वेष घातला तर ३ महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोरगा कुठे फौजी म्हणून मिरवतोय? कोपरं विटलीत, शेणाचे डाग आहेत. शिवाय लष्कराच्या कॉम्बॅट गणवेशाचा २०२२ साली आलेला नवा डिजिटल पॅटर्नही (कापडावरची नक्षी) हा नव्हे.

आणखी एक, १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला बाबांनी पूर्ण वर्दी घालावी, की ब्लेझरवर मेडल्स? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कुणी विचारलंय का?