लॅटिनमधील स्थलवाचक शब्दयोगी अव्यये आणि क्रियाविशेषणे

प्रश्न: लॅटिनच्या शब्दकोशात आंते (आधी, पुढे), पोस्त (नंतर, मागे), कोंत्रा (विरुद्ध), सुप्रा (वर), एक्स्त्रा (बाहेर) यांना शब्दयोगी अव्यय आणि क्रियाविशेषण अशा दोन्ही नोंदी असतात; इन (आत) आणि एक्स (मधून बाहेर) यांना मात्र पहिलीच. पहिल्या गटातला शब्द मुळात एकच आहे की सारखे दिसणारे दोन? वाक्यात त्याची भूमिका कशी ओळखावी?

उत्तर १: माझ्या मते शब्द एकच आहे आणि त्याची क्रियाविशेषणाची भूमिका अधिक जुनी आहे. इंडो-युरोपीय भाषांच्या, म्हणजे लॅटिन आणि संस्कृत ज्यात येतात त्या भाषाकुळाच्या, प्राचीन अवस्थेत स्थळाचा अर्थ नामाची विभक्तीच सांगत असे, आणि हे शब्द तो अर्थ नेमका करण्यासाठी स्वतंत्रपणे येत. ‘रोमला जाणे’ यासाठी नुसती द्वितीया, ‘रोमाम’, लॅटिनला पुरते, ती त्याच अवस्थेची खूण आहे. पुढे ठरावीक विभक्तीच्या नामाशेजारी सतत आल्यामुळे या शब्दांचा नामाशी संबंध पक्का झाला. वैदिक संस्कृतात उपसर्ग क्रियापदापासून सुटा आढळतो, तोही याच स्वातंत्र्याचा अवशेष होय. मराठीतील ‘तो मागे उभा आहे’ आणि ‘तो घरामागे उभा आहे’ ही जोडी पाहिली की हे सहज पटते.

उत्तर २: ओळखण्यासाठी आधी नामाची विभक्ती पाहावी. ‘पोस्त मुल्तोस आन्नोस’ म्हणजे ‘पुष्कळ वर्षांनंतर’. येथे वर्षे द्वितीयेत आहेत, म्हणून पोस्त शब्दयोगी आहे. ‘मुल्तिस पोस्त आन्निस’ याचाही अर्थ जवळजवळ तोच, परंतु येथे वर्षे पंचमीत असून किती अंतराने एवढेच सांगतात, आणि पोस्त ‘नंतर’ या अर्थाचे क्रियाविशेषण ठरते. तो शब्द विशेषण आणि नाम यांच्यामध्ये आहे म्हणून फसू नये. तरीही सीमारेषा सर्वत्र स्वच्छ नाही: प्रोपे, म्हणजे ‘जवळ’, याचे तरतम रूप प्रोपिउस (‘अधिक जवळ’) क्रियाविशेषणासारखे बनते आणि तरीही द्वितीया घेते.

उत्तर ३: सुप्रा, एक्स्त्रा, कोंत्रा ही तर विशेषणांची गोठलेली पंचमीची रूपे आहेत, म्हणूनच ती एकटी उभी राहू शकतात. इन आणि एक्स यांना नाम तरी लागते किंवा क्रियापदाला तरी चिकटावे लागते. ‘शहरात’ आणि ‘शहराकडे आत’ हा भेद इन स्वतः करत नाही, विभक्ती करते: इन उर्बे (पंचमी, ‘शहरात’), इन उर्बेम (द्वितीया, ‘शहराकडे आत’). ‘बाहेर’ या अर्थाच्या क्रियाविशेषणांच्या जोडीत हाच भेद शब्दाच्या पोटात आहे. फोरीस म्हणजे बाहेर असलेला, फोरास म्हणजे बाहेर जाणारा, आणि यातील दुसरे रूप मुळात ‘दार’ या अर्थाच्या एका लोप पावलेल्या नामाची अनेकवचनी द्वितीयाच आहे.